गोठल्या त्या राज्यांच्या जागा, सीमा नव्हेत

लोकसभा-विधानसभेच्या जागा १९७१च्या जनगणनेवर गोठवल्या असतील, तर २००८ सालच्या मतदारसंघ पुनर्रचनेत नेमकं काय बदललं? गोठली ती राज्याच्या वाट्याची संख्या: लोकसभेला आपल्या महाराष्ट्राचे ४८, विधानसभेला २८८. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने ती थांबवली आणि ८४व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकलली. राज्याच्या आत मात्र २००१च्या आकड्यांवर सगळं नव्याने कापलं गेलं.

आमच्या कोकणातच बघा. रत्नागिरीचे आमदार ७ वरून ५, सिंधुदुर्गाचे ४ वरून ३. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच गेले. खेड तालुका दापोली आणि गुहागरात वाटला गेला. त्याच वेळी तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा १३ वरून २४ वर! त्यातली कितीतरी माणसं आमच्याच गावांतून गेलेली, म्हणजे माणसांच्या मागोमाग आमदारही मुंबईच्या गाडीत बसले म्हणायचे.

त्यामुळे लोकसंख्येवर नव्याने जागा वाटल्या तर आपला वाटा घटेल, ही तमिळनाडू-केरळची तक्रार मला परकी वाटत नाही. फक्त त्यांचं कारण वेगळं: तिथे जन्मदर घटला, आमच्याकडे घरांना कुलपं लागली. समाजवादी नेते मधू दंडवते निवडून यायचे तो राजापूर लोकसभा मतदारसंघही २००९पासून नकाशावर नाही.