बँकॉक: आईबाबांना घेऊन जायचंय, टूर घेऊ की आपलं आपण?

कोथिंबीरवडी:
मंडळी, डिसेंबरात बँकॉकला जायचं ठरतंय, आम्ही दोघं आणि माझे आईबाबा. बाबांना सगळं बघायचंय, आईचे गुडघे दुखतात आणि ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. टूरवाल्यांनी जे पॅकेज दाखवलं त्यात निम्मा वेळ पटायातच जातोय आणि उरलेल्यात भल्या सकाळी बस, रात्री उशिरा हॉटेल असला कारभार. नवरा म्हणतो आपलं आपण फिरू, मला टेन्शन खाण्याचं आणि फसवाफसवीचं. यूट्यूबवर बघावं तर जो तो विंचू खातोय, त्याचा आम्हाला काय उपयोग? कुठे राहावं, कसं फिरावं, आई काय खाईल? वयस्कर माणसांना घेऊन कोणी गेलं असेल तर सांगा प्लीज.

रिकामटेकडा:
टूर नकोच. त्यात रत्नांच्या दुकानात तासभर बसवतात, तो तुमचाच तास असतो. हॉटेल घेताना एकच बघा, बीटीएस (खांबांवरून धावणारी ट्रेन) किंवा एमआरटी (मेट्रो) यांचं स्टेशन चालत पाच मिनिटांवर पाहिजे, बाकी स्विमिंग पूल वगैरे नंतर. संध्याकाळी सुखुमवित रोडवर टॅक्सीत बसलात तर मीटर पळतो, गाडी नाही, आणि डोक्यावरून ट्रेन मस्त चाललेली दिसते. फक्त बीटीएस आणि एमआरटीची तिकिटं वेगवेगळी असतात हे लक्षात ठेवा. एमआरटीला आपलं वायफायचं चिन्ह असलेलं व्हिसा-मास्टरकार्ड गेटवर टेकवून चालतं, बीटीएसला सरळ काउंटरवरून तिकीट घ्या. सुवर्णभूमी विमानतळावरून फाया थाईपर्यंत एअरपोर्ट रेल लिंक आहे पण बॅगा आणि आईबाबा असतील तर टॅक्सीच करा, मीटरवर वरचे ५० बाथ एअरपोर्टचे आणि एक्स्प्रेसवेचा टोल आपण द्यायचा असतो, ती फसवणूक नाही, उगाच वाद घालू नका.

राजवाडा म्हणजे ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात असा. तिकीट ५०० बाथ, महाग आहे, पण पाचूच्या बुद्धाचं देऊळ त्यातच आहे आणि आवारातल्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामायण रंगवलंय, म्हणजे त्यांचं रामाकियन. त्यात हनुमान ब्रह्मचारी नाही हे बाबांना आधीच सांगून ठेवा :) खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बर्म्युडावाल्यांना परत पाठवतात. आणि बाहेर कोणी गोड बोलून "आज पॅलेस बंद आहे, पूजा चालू आहे, चला स्वस्तात दुसरी देवळं दाखवतो" म्हणाला की न थांबता पुढे चालायचं. तो टुकटुकवाला, म्हणजे तिकडचा रिक्षावाला, शेवटी रत्नांच्या किंवा शिंप्याच्या दुकानातच नेतो. आमच्या पुढेच एक जोडपं त्यात बसून गेलं, आणि गेट चांगलं सताड उघडं.

उपासाचेवडे:
खाण्याचं मी सांगते, मीही शाकाहारी. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, कारण भाजीतसुद्धा फिशसॉस पडतो, आणि समोर हसतमुखाने टाकतात कारण त्यांच्या लेखी ते मिठासारखं. कच्च्या पपईची कोशिंबीर दिसायला किती निरागस, पण खलबत्त्यात सुकी कोळंबी आधीच गेलेली असते. उपाय म्हणजे "जे" शोधायचं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरं, लांबून इंग्रजीतल्या सतरा आकड्यासारखी दिसतात. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं, कांदालसूणसुद्धा नाही. "किन जे" एवढं आईला पाठ करायला लावा, माझ्या सासूबाई तर दुसऱ्या दिवसापासून ऐटीत म्हणायला लागल्या. आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात बिनधास्त खा.

वरणभाताची आठवण झाली की फाहुरात गाठा, तिकडचा भारतीय बाजार, एमआरटीचं साम योत स्टेशन जवळ. गुरुद्वारा आहे तिथे. प्रतुनाममध्येही भारतीय हॉटेलं भरपूर पण तिथे राहू नका हं, फुटपाथवरून चालायला जागा नाही आणि आईंचे गुडघे.

डोंबिवलीफास्ट:
सगळे ट्रेन ट्रेन करताय पण बँकॉक बघायचं ते पाण्यातून. साफान ताकसिन स्टेशनला उतरलं की खालीच साथोर्नचा धक्का, तिथून नारंगी झेंड्याची बोट राजवाड्याकडे जाते, भाडं वडापावाएवढं. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या टुरिस्ट बोटीचं तिकीट गळ्यात मारायला बघतात, ती वाईट नाही पण महाग. वाट फो देवळाकडून नदीपलीकडे वाट अरुण देवळाला जायला छोटी बोट आहे, पाचेक बाथमध्ये पलीकडे. तिथल्या पायऱ्या मात्र उभ्या आहेत, आईंना खाली बसवा, खालूनही फुटक्या चिनीमातीची नक्षी छान दिसते.

सेन सेप कालव्याची बोट फक्त तुम्ही दोघांनी करा. ती धक्क्याला नीट थांबतच नाही, टेकते न टेकते तोवर उडी मारायची. कंडक्टर हेल्मेट घालून बोटीच्या बाहेरच्या कडेवरून दोरी धरत पैसे गोळा करतो, समोरून दुसरी बोट आली की कडेच्या लोकांनी दोरी ओढून ताडपत्री वर करायची, नाहीतर ते काळं पाणी तोंडावर. आपल्याला सवय आहे म्हणा, ८:१४ पकडणाऱ्याला काय कौतुक.

रिकामटेकडाशी एका बाबतीत असहमत. टुकटुक एकदा करायचीच, रात्री याओवारातला, चायनाटाउनमध्ये, भाडं आधी ठरवून. त्यात फसलात तरी किती फसाल.

कोथिंबीरवडी:
वा, धन्यवाद सगळ्यांना! नवऱ्याला वाचून दाखवलं, जिंकल्यासारखा हसतोय. म्हणजे सकाळी एक जागा, दुपारी एसीत झोप, संध्याकाळी बोट, असं ठेवू का? आणि सोमवारी आईला देवळात जायचं असतं, तिकडे काही आहे का?

उपासाचेवडे:
अगदी असंच ठेव, डिसेंबरातही दुपारी ऊन भाजतं. देवळासाठी सिलोमला महामारिअम्मन, तमिळ पद्धतीचं. आणि चित लोम स्टेशनजवळ इरावनचा चतुर्मुख ब्रह्मदेव, मॉलच्या गर्दीत चौकातच. नवस फेडणारे लोक पैसे देऊन तिथे नाच करवतात, तो अवश्य बघा. सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, सगळे जिथल्या तिथे थांबतात, तुम्हीही थांबा.

रिकामटेकडा:
अजून एक, जायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाइन अरायव्हल कार्ड भरायचं असतं, टीडीएसी, मे २०२५ पासून सुरू झालंय. फुकट आहे, पैसे मागणाऱ्या साइट खोट्या. चौघांचीही माहिती भरावी लागते, आणि व्हिसाचे नियम सारखे बदलतात ते तिकीट काढायच्या आधी बघा. नवरा व्हेप ओढत असेल तर ते घरीच ठेवायला सांगा, थायलंडमध्ये बंदी आहे.

कोथिंबीरवडी:
नवरा नाही, बाबा ओढतात :( आता त्यांना कोण सांगणार.