मुस्लिम जवानाच्या मनाला टोचतं ते कुठे? पलटणीत की सुट्टीवर?

दांडियाबाजारकर
७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला कर्नल सोफिया कुरेशी टीव्हीवर आल्या आणि अख्ख्या बडोद्यानं 'आपल्या युनिव्हर्सिटीची मुलगी' म्हणून कॉलर ताठ केली. मीही. पाचच दिवसांनी महूजवळच्या रायकुंडा गावात मध्य प्रदेशचे एक मंत्री त्यांच्यावरच रोख धरून 'अतिरेक्यांच्या समाजातली बहीण' अशा अर्थाचं बोलले. उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेऊन गुन्हा नोंदवायला लावला. कर्नलची ही गत, मग हवालदाराची काय?

माझ्या गॅरेजवर फौजेतले एक मुस्लिम हवालदार यायचे. सुट्टीत बायकामुलांसाठी भाड्यानं घर शोधत होते. फोनवर 'फौजी' ऐकलं की मालक खूश. नाव सांगितलं की 'गावाहून पाहुणे येताहेत.' एकदा फौजी कॅन्टीनचं कार्ड माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "दाखवायला हे आहे. पण ह्याच्यावरही नाव आहेच."

निवृत्त सुभेदार
अठ्ठावीस वर्षं काढली. लंगर (पलटणीचं जेवणघर) एक, बडाखाना (सगळ्यांची एकत्र मेजवानी) एक. ईदची नमाज पढवायला फौजेचेच मौलवी. आपल्या बडोद्यातल्या फतेगंजचं, फौजेच्या ईएमई या यंत्रदुरुस्ती शाखेचं मंदिर बघून या. देव दक्षिणामूर्ती, १९६६ ला बांधून घेतलं ते ब्रिगेडियर यूजीन या ख्रिस्ती अधिकाऱ्यानं, वर घुमट मुसलमानी धाटणीचा. बाहेरची घाण वर्दीवर उडवू नका. मुसलमानांची स्थिती तपासणाऱ्या सरकारी सच्चर समितीनं फौजेतल्या मुसलमानांचा आकडा मागितला तेव्हा फौजेनं हरकत घेतली, ती योग्यच होती. एकदा मोजायला लागलात की पलटण फुटली.

मांडवीची माई
सुभेदारसाहेब, दरबारात, म्हणजे साहेबांसमोरच्या जवानांच्या सभेत, रजेचा पॉइंट उठवता येतो, डाळ पातळ आहे हाही येतो. 'माझी चेष्टा करतात' हा पॉइंट कोण उठवेल? भारत-पाक मॅच लागली की "आज कोणाकडून रे तू?" तोही हसतो. न हसून सांगतो कोणाला!

निवृत्त सुभेदार
चेष्टा सगळ्यांची होते, ताई. सरदारजींची, मद्राशांची, आम्हा मराठ्यांचीही.

मांडवीची माई
तुम्हाला कोणी देश विचारला होता का?

हरणीवाला
उगाच रडगाणं. ब्रिगेडियर उस्मान, अब्दुल हमीद यांची नावं आम्ही मानानंच घेतो. पंतप्रधानांच्या बडोद्यातल्या रोड शोला कुरेशी कुटुंब फुलं उधळायला होतंच की.

दांडियाबाजारकर
भाऊ, उस्मान १९४८ ला झांगडला शहीद झाले. हमीद १९६५ ला असल उत्तरला पॅटन रणगाडे फोडून गेले. आमचा हवालदार गाड्यांचे क्लच बदलतो. घर मिळायला त्यानं काय फोडायचं? आणि तुम्ही हरणीचे म्हणून विचारतो: २०२४ मध्ये तुमच्याकडच्या ४६२ घरांच्या सरकारी वसाहतीत एका मुस्लिम बाईंना घर लागलं म्हणून रहिवासी आंदोलनाला उतरले होते ना?

हरणीवाला
तो विषय वेगळा. फौजेत आणू नका.

मांडवीची माई
सुट्टी संपवून तो जवान हेच डोक्यात घेऊन ड्यूटीवर जातो. वेगळा कसा?

निवृत्त सुभेदार
एक सांगतो, मग मी थांबतो. २०१९ ला पुलवामा झालं, त्यानंतर आमचा एक लान्स नायक चार-पाच दिवस सगळे जेवून उठल्यावर लंगरला यायचा. थाळी घेऊन कोपऱ्यात बसायचा. मी पाहत होतो. ड्यूटी बदलली असेल असं धरून चाललो, विचारलं नाही. ड्यूटी रोस्टर मीच लावायचो.

पण मोजदाद नकोच, हे मत कायम आहे.