इंग्लंडमधलं ग्रेड २ घर: नोंदीत नसलेल्या भागाला परवानगी लागते का?

आराखडा_कोथरूड
इथल्या ऑफिसात इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या ग्रेड २ लिस्टेड (तिथल्या सरकारी वारसा यादीत नोंद असलेल्या) कॉटेजची ड्रॉइंग्ज चालू आहेत. नोंदीत फक्त दर्शनी भिंत, दार आणि धुराड्याचं वर्णन आहे. मागचं स्वयंपाकघर, परसातला गोठा यांचा उल्लेखच नाही. मालकांना तिथे दुहेरी काचेच्या खिडक्या हव्यात, विटांचे सांधेही सिमेंटने भरायचेत. उल्लेख नाही म्हणजे मोकळीक धरायची का? परवानगी पॅरिश कौन्सिल, म्हणजे तिथली गावपातळीची संस्था, देते ना?

ओसरी
अजिबात धरू नका. वर्णन असतं ते इमारत ओळखू यावी म्हणून. संरक्षण अख्ख्या घराला, आतला जिना, शेकोटी, तुळयांसकट. गोठा १ जुलै १९४८ च्या आधीपासून आवारात असेल आणि घराच्याच वापरातला असेल, तर तोही त्यात येतो. २६ जून २०१३ पासूनच्या नोंदींत एखादा भाग स्पष्ट वगळलेला असू शकतो, म्हणून आधी नोंदीची तारीख बघा.

पॅरिश कौन्सिल फक्त मत कळवते. निर्णय स्थानिक नियोजन प्राधिकरणाचा, बहुतेक खेड्यांत जिल्हा कौन्सिलचा. अर्जाला फी नाही, मुदत साधारण ८ आठवडे. विनापरवाना काम १९९० च्या कायद्याने गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद. कारवाईच्या नोटिशीला कालमर्यादाही नाही, त्यामुळे आधीच्या मालकाने केलेली तोडफोड आताच्या मालकाच्या गळ्यात येते. असे बदल ड्रॉइंगवर वेगळ्या रंगात दाखवा.

आणि आपल्या पालिकेच्या वारसा यादीतल्या ग्रेड १-२-३ शी गल्लत नको. तिथे १, २ स्टार आणि २. सुमारे ९२ टक्के नोंदी ग्रेड २ मध्येच आहेत. खालची श्रेणी म्हणून परवानगी सुटत नाही.

चुन्याची_घाणी
सिमेंट मालकांच्या डोक्यातून काढाच. जुन्या भरीव भिंतीतली ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने ती वाट बुजली की पाणी विटेत साठतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचे पापुद्रे सुटतात. सांधा हाताने, रुंदीच्या दुप्पट खोल खरवडा, पाणी मारा, १ भाग चुना ३ भाग चाळलेली रेती असा माल भरा. वर ओलं गोणपाट. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा.

आराखडा_कोथरूड
नोंद १९८७ ची आहे, म्हणजे वगळण्याचा प्रश्नच मिटला. गोठ्याचं वय इथे बसून कसं ठरवायचं?

ओसरी
ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचे जुने २५ इंची (मैलाला सुमारे २५ इंच प्रमाणाचे) नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघता येतात, त्यात इंग्लंडही आहे. दोन वेगळ्या सालांचे नकाशे आजच्या साइट प्लॅनवर ठेवून गोठ्याचा आकार जुळतो का बघा आणि ते अर्जाला जोडा.