आमचं शहर की तुमचं? अमेरिकेतल्या शहराभिमानाचा धागा

अमेरिकेत नव्याने येणारे विचारतात, शिकागो मोठं की फिलाडेल्फिया, डॅलस बरं की ह्यूस्टन. उत्तर देणारा आपापलं शहर पुढे करतो आणि विचारणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून आपलं शहर खडानखडा ठाऊक असलेल्यांना आग्रहाचं आमंत्रण आहे. तुमच्या शहराची चुरस कोणाशी, अभिमान कशाचा आणि तुलना करताना लोक नेमके कुठे फसतात, ते लिहा. आत्मचरित्र नको, दुसऱ्याच्या उपयोगी पडेल असं लिहा.

फिलाडेल्फिया

सुरुवात मोजमापापासून करू, कारण बहुतेक वाद तिथेच चुकतात. २०२० च्या जनगणनेत फीनिक्सने आम्हाला मागे टाकलं. फीनिक्स १६,०८,१३९, आम्ही १६,०३,७९७. पण फीनिक्स पाचशेहून जास्त चौरस मैलांवर पसरलंय आणि आमचं शहर जेमतेम १३४ चौरस मैलांत बसतं. महानगर क्षेत्र (शहर आणि भोवतालची उपनगरं) धरलं तर आम्ही ६२ लाख आणि ते ४८ लाख. म्हणून कोणताही आकडा वाचताना तो नगरहद्दीचा आहे की महानगराचा, हे आधी बघायचं.

मराठी वाचकाला या शहराचं जुनं स्थान माहीत असायला हवं. आनंदीबाई जोशी १८८६ साली इथे डॉक्टर झाल्या, तेव्हाच्या ताज्या म्हणजे १८८० च्या गणनेप्रमाणे न्यूयॉर्क १२ लाख, फिलाडेल्फिया ८ लाख ४७ हजार, ब्रुकलिन ५ लाख ६६ हजार आणि शिकागो ५ लाख ३ हजार होतं. दहा वर्षांत शिकागो पुढे गेलं ते लोक आले म्हणून, आणि हद्दही वाढवली म्हणून.

इथे नोकरी घेणाऱ्यांनी शहराचा वेतनकर विसरू नये. रहिवाशांच्या पगारातून पावणेचार टक्क्यांच्या आसपास कापला जातो. राहणीमानाच्या ढोबळ तुलनेत तो बऱ्याचदा धरलेला नसतो.

शिकागो

हद्दवाढीचं खरं आहे. १८८९ मध्ये हाइड पार्क, लेक व्ह्यू ही शेजारची गावं शहरात आली आणि १८९० ला आम्ही १०,९९,८५०, फिलाडेल्फिया १०,४६,९६४. पण फिलाडेल्फियाने १८५४ मध्ये हेच केलं होतं. साधारण दोन चौरस मैलांचं शहर एका कायद्याने पूर्ण काउंटीएवढं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) झालं. तेव्हा या बाबतीत दोघेही सारखेच.

आमची मुख्य चुरस न्यूयॉर्कशी. १८९३ चं जागतिक प्रदर्शन आम्ही न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि सेंट लुइसला मागे टाकून मिळवलं. विवेकानंद बोलले ती सर्वधर्मपरिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती. त्याच भांडणात न्यूयॉर्कच्या एका संपादकाने आम्हाला ‘विंडी सिटी’ (वाऱ्याचं, म्हणजे बढाया मारणारं शहर) म्हणून हिणवलं असं सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. हे नाव १८७० च्या दशकातच सिनसिनाटीच्या वर्तमानपत्रांत छापलेलं सापडतं.

उंचीच्या वादात नियम माहीत हवा. विलिस टॉवरचं छत १,४५० फुटांवर, न्यूयॉर्कच्या वन वर्ल्ड ट्रेड सेंटरचं १,३६८ वर. तरी अधिकृत उंची त्यांची जास्त, १,७७६ फूट. २०१३ मध्ये उंच इमारतींच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने त्यांचा माथ्यावरचा खांब ‘मनोरा’ म्हणून धरला. आमच्या टॉवरवरचे दोन खांब अँटेना आहेत, ते मोजत नाहीत. या परिषदेचं मुख्यालय शिकागोतच आहे, त्यामुळे निकाल जास्तच झोंबला.

डीप डिश, म्हणजे आमच्या खोलगट पिझ्झाबद्दल एकदाच नीट सांगतो. दोन इंच खोल पत्र्याच्या भांड्याला भरपूर तेल किंवा लोणी लावून कणीक कडेने वर चढवायची. आधी मोझरेला, त्यावर सॉसेज, सगळ्यात वर कुटलेला टोमॅटो. क्रम उलटला तर चाळीस मिनिटांच्या भट्टीत चीज करपतं, म्हणून ते खाली. टोमॅटो निथळून घेतला नाही तर तळ लिबलिबीत होतो. हॉटेलात पाऊण तास लागतो, तेव्हा बसल्या बसल्या ऑर्डर द्या. शिकागोकर एरवी खातात तो मात्र पातळ, कुरकुरीत, चौकोनी तुकडे केलेला पिझ्झा. न्यूयॉर्कच्या घडी घालून खायच्या तुकड्याशी तुलना करायची तर त्याची करा.

पत्ते शोधणं हा आमचा खरा अभिमान. स्टेट आणि मॅडिसन रस्त्यांचा चौक म्हणजे शून्य. तिथून ८०० आकडे म्हणजे एक मैल. ३२०० वेस्ट म्हणजे चार मैल पश्चिमेला, नकाशा लागत नाही. गफलत फक्त दक्षिणेला होते. तिथे पहिला मैल १२०० वर, दुसरा २२०० वर आणि तिसरा ३१०० वर संपतो. पुढे पुन्हा ८००.

न्यूयॉर्क

आकाराचा अभिमान आम्हालाही बाहेरून जोडून मिळालाय. १ जानेवारी १८९८ ला पाच बरो (आजच्या शहराचे पाच विभाग) एक झाले. त्याआधी ब्रुकलिन स्वतंत्र शहर होतं, आणि १८९४ च्या मतदानात तिथे एकीकरणाच्या बाजूने फक्त २७७ मतं जास्त पडली. ब्रुकलिनकरांचा वेगळेपणा का टिकून आहे, ते यावरून कळतं.

शिकागोकर आमच्या फुटपाथवरच्या कचऱ्याच्या पिशव्यांवर बोट ठेवतात. कारण नकाशात आहे. मॅनहॅटनच्या १८११ च्या आराखड्यात मागच्या गल्ल्या ठेवल्याच नाहीत. शिकागोत त्या मैलोन्‌मैल आहेत, म्हणून त्यांचा कचरा घरामागे राहतो. नोव्हेंबर २०२४ पासून इथे एक ते नऊ घरांच्या इमारतींना झाकणाचा डबा सक्तीचा झालाय.

पगाराची तुलना करताना एवढं बघा. शहराचा आयकर फक्त शहरात राहणाऱ्याला लागतो. न्यू जर्सीत राहून मॅनहॅटनला जाणारा तो भरत नाही, मात्र न्यूयॉर्क राज्याचा कर त्याला चुकत नाही.

सेंट लुइस

आमच्या शहराचं नाव ‘सर्वांत धोकादायक’ यादीत येतं, ते वाचून लोक नोकरी नाकारतात. हे मनाला लागतं, म्हणून गणित मांडतो. १८७६ मध्ये शहर काउंटीपासून वेगळं झालं. हद्द ६२ चौरस मैलांवर कायमची गोठली. २०२० च्या जनगणनेत शहरात ३ लाख माणसं आणि लागूनच असलेल्या काउंटीत १० लाख. खुनांची संख्या भागली जाते फक्त ३ लाखांनी. याच राज्यातल्या कॅन्सस सिटीची हद्द तीनशेहून जास्त चौरस मैल, त्यात शांत उपनगरी भागही मोजला जातो. त्यामुळे दर लाखाचे आकडे शेजारी ठेवून उपयोग नाही. महानगराचा आकडा बघा, आणि घर घेताना त्या वस्तीचा.

मिनिआपोलिस–सेंट पॉल

जनगणनेवरून अटक झालेली जुळी शहरं आमचीच. १८९० मध्ये सेंट पॉलच्या तक्रारीवरून मिनिआपोलिसच्या गणकांना पकडलं. फेरमोजणीत दोघेही खोटे ठरले. मिनिआपोलिस १,८२,९६७ वरून १,६४,७३८ वर आलं, सेंट पॉल १,४२,५८१ वरून १,३३,१५६ वर.

सॅन होजे

१९९० पासून आमची लोकसंख्या सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा जास्त आहे, तरी खाडीभागाला (बे एरियाला) नाव त्यांचंच. जनगणना खातं आम्हाला वेगळं महानगर मानतं, म्हणून दोघांचे आकडे बेरीज न करता वापरू नका. २०२४ चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं (इथल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं) अधिवेशन इथे सॅन होजेतच भरलं. २०१५ चं ‘लॉस एंजेलिस’चं मात्र अनाहाइममध्ये, म्हणजे दुसऱ्या काउंटीत भरलं होतं. हॉटेल आरक्षित करताना अधिवेशनाच्या नावावर जाऊ नका, सभागृहाचा पत्ता बघा.

विमानाचं तिकीट काढणाऱ्यांसाठी: सॅन फ्रान्सिस्कोच्या समांतर धावपट्ट्यांत ७५० फुटांचंच अंतर आहे. ढग खाली आले की दोन विमानं शेजारीशेजारी उतरवता येत नाहीत आणि उशीर साचत जातो. उन्हाळ्यात सकाळी पोचायचं असेल तर सॅन होजे किंवा ओकलंड बघा.

फोर्ट वर्थ

आम्हाला डॅलसचं उपनगर म्हणू नये, एवढी विनंती. दोन्ही शहरांना आपापला विमानतळ हवा होता. १९६४ मध्ये केंद्रीय हवाई मंडळाने एकच जागा ठरवा असं बजावलं, आणि १९७४ मध्ये दोघांच्या मधोमध तो सुरू झाला. मालकीचे अकरा वाटे, सात डॅलसचे, चार आमचे.

उतरल्यावर हे लक्षात ठेवा. डॅलसची ऑरेंज लाइन टर्मिनल ए ला लागते आणि आमची टेक्सरेल टर्मिनल बी ला. फोर्ट वर्थला यायचं असेल तर ‘डाउनटाउनची ट्रेन’ कुठे असं मोघम विचारू नका, टेक्सरेल असं नाव घेऊन विचारा, नाहीतर डॅलसला पोचाल.