‘बोग्दान’ या स्लाव्ह नावातला ‘बोग’ आणि वैदिक ‘भग’

‘बोग्दान’ हे पोलंडपासून बल्गेरियापर्यंत आढळणारे पुरुषनाम असून त्याचा अर्थ ‘देवाने दिलेला’ असा सांगितला जातो. हा अर्थ बरोबर आहे आणि आपल्याकडचे ‘देवदत्त’ त्याच्याशी तंतोतंत जुळते. तरीही मराठी वाचकाने एवढ्यावर थांबू नये असे मला वाटते, कारण या नावाचा पूर्वार्ध वैदिक ‘भग’ या शब्दाच्या कुळातला आहे.

रशियन, पोलिश, बल्गेरियन यांसारख्या स्लाव्ह भाषांत ‘बोग’ म्हणजे देव. परंतु या शब्दाला पूर्वी ‘वाटा’ किंवा ‘संपत्ती’ असा अर्थ होता, हे त्याच्या सख्ख्या नातलग शब्दांवरून दिसते : रशियन ‘बोगाती’ म्हणजे श्रीमंत, पोलिश ‘उबोगी’ म्हणजे गरीब, अर्थात ज्याच्या वाट्याला काही आले नाही असा, आणि पोलिश भाषेत धान्याला ‘झ्बोझे’ म्हणतात तोही शब्द याच मुळाचा, ज्याचा आधीचा अर्थ समृद्धी असा होता. संस्कृतात ‘भज्’ म्हणजे वाटून देणे, आणि भाग, भाग्य, भगवान हे शब्द त्याच धातूशी निगडित आहेत. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 41व्या सूक्तात भग या आदित्याकडे धनाचा वाटा मागितला आहे आणि तेथे ‘भग’ व ‘भज्’ यांची जोडी मुद्दाम जुळवलेली दिसते. वाटा देणारा तोच देव, हा अर्थाचा प्रवास तेथे आपल्या डोळ्यांसमोर घडतो.

मात्र वेदांत भग हा एका विशिष्ट देवाचा शब्द राहिला, तर प्राचीन फारसीत ‘बग’ हा कोणत्याही देवाचा वाचक झाला. स्लाव्ह भाषांतही तसेच घडले आहे. म्हणून काही अभ्यासक ‘बोग’ हा शक-सर्मत यांसारख्या इराणी भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांकडून आलेला शब्द मानतात, तर काही तो स्लाव्हांचाच वारसा समजतात. केवळ ध्वनिनियमांनी हा वाद मिटत नाही, कारण दोन्ही मार्गांनी रूप एकच येते. शब्द घरचा आणि ‘देव’ हा अर्थ शेजाऱ्यांच्या प्रभावाने पक्का झालेला, हे मत मला अधिक पटते, कारण श्रीमंती-गरिबीचे शब्द स्लाव्ह भाषांत फार खोलवर रुजलेले आहेत.

उत्तरार्धातील ‘दान’ वाचून आपल्याला दानधर्म आठवतो, पण येथे ते नाम नसून ‘दिलेला’ या अर्थाचे कर्मणि भूतकृदंत आहे. संस्कृतात असे कृदंत काही धातूंना ‘त’ लावून (दत्त, कृत) आणि काहींना ‘न’ लावून (भिन्न, छिन्न) होते. ‘दा’ धातूला संस्कृताने ‘त’ लावला, स्लाव्हांनी ‘न’. इराणी ‘बगदात’, महाभारतातील प्राग्ज्योतिषाचा राजा ‘भगदत्त’ आणि बहुसंख्य अभ्यासकांच्या मते ‘बगदाद’ हे नगरनाम, या सर्वांत ‘त’-वर्गातील रूप आहे. म्हणून ‘बोग्दान’ हे अख्खे नाव उसने घेतलेले नाही. निदान त्याची घडण स्लाव्ह आहे.

इतिहासात हे नाव ठळकपणे येते ते चौदाव्या शतकाच्या मध्यात मोल्दाव्हियाचे (आजच्या रोमानियाचा ईशान्य भाग आणि मोल्दोव्हा) राज्य उभारणाऱ्या पहिल्या बोग्दानमुळे. तुर्क त्या प्रदेशालाच बोग्दान म्हणत, आणि रोमानियन ही स्लाव्ह भाषा नसूनही तेथे हे नाव आजही सर्रास ठेवले जाते. दुसरे मोठे उदाहरण 1648च्या कोसॅक (युक्रेनमधील लढवय्या समाज) उठावाचा नेता बोहदान ख्मेलनित्स्की याचे. त्याचे दुसरे नाव झिनोवी असे होते. हे ग्रीक परंपरेतील संतनाम त्याने धारण केले होते, पण लोकांनी आणि इतिहासाने लक्षात ठेवले ते ‘बोहदान’च. युक्रेनियन आणि चेक भाषांत जुन्या ‘ग’चा घोष (कंठ कंपित करून उच्चारलेला) ‘ह’ झाला आहे, आणि तो मराठी ‘ह’च्या अगदी जवळचा असल्यामुळे त्या देशांतील माणसांविषयी लिहिताना ‘बोहदान’, तर सर्बियन, बल्गेरियन वा रोमानियन माणसांविषयी ‘बोग्दान’ असे लिहावे. पोलंडमध्ये दोन्ही रूपे चालतात, त्यामुळे तेथे त्या माणसाने स्वतः जे रूप वापरले असेल तेच ठेवावे.