मदत हवी आहे: घरच्या गाडीकामासाठी कॉर्डलेस इम्पॅक्ट रेंच कोणता घ्यावा? (ठाणे)

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. घोडबंदर रोडवरच्या सोसायटीत स्टिल्ट पार्किंग आहे, जवळपास प्लग पॉइंट नाही, म्हणून ठोके देऊन नट फिरवणारा हा रेंच बॅटरीवरचाच हवा. गाड्या दोन. स्विफ्टच्या चाकांना १९ चा पाना लागतो, क्रेटाच्या चाकांना २१ चा. चाकं पुढे-मागे बदलणं, ब्रेक पॅड, पुढचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि पुढेमागे कधीतरी अ‍ॅक्सल नट, एवढी कामं डोळ्यांसमोर आहेत. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट इतके आवळून देतात की गाडीसोबत आलेल्या एल-पान्यावर पूर्ण वजन टाकलं तरी ते हलत नाहीत.

माझे प्रश्न असे: सॉकेट जिथे बसतं तो चौकोनी दांडा ३/८ इंची घ्यावा की अर्धा इंची? किती न्यूटन मीटर (एनएम, म्हणजे पिळण्याच्या ताकदीचं माप) पुरेल? आणि ऑनलाइन ‘८८ व्होल्ट’, ‘१२८ व्होल्ट’ लिहिलेले स्वस्त संच दिसतात, ते घ्यावेत का?

टॉमी-पाना

अर्धा इंचीच घ्या. ३/८ इंची इंजिन बेमधल्या अडचणीच्या जागी छान चालतो, पण तुमच्या यादीत चाकं आणि सस्पेन्शन आहे. तिथे त्याचा जीव अपुरा पडतो आणि मोठं सॉकेट बसवायला कन्व्हर्टर लावला की ठोक्यातली ताकद आणखी कमी होते.

आता आकडे. छोट्या हॅचबॅकचे व्हील नट साधारण ८५ ते ११० एनएमला आवळायचे असतात, क्रेटासारख्या गाडीचे त्याहून थोडे जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. मग १५० एनएमचा रेंच का पुरत नाही? गणित सोपं आहे. ८० किलोचा माणूस ३० सेंटिमीटरच्या एल-पान्याच्या टोकावर उभा राहिला की साधारण २३५ एनएम पडतात. तुमचे नट त्यालाही दाद देत नाहीत, म्हणजे सोडवायला ३०० च्या वरच लागणार. आपल्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस आहे, त्यामुळे गंज हा हिशेबात धरायचाच.

डब्यावर दोन आकडे असतात: आवळण्याचा आणि सोडवण्याचा. जाहिरातीत मोठा, म्हणजे सोडवण्याचा, आकडा ठळक छापतात. तुलना करताना दोन्ही रेंचचा एकच आकडा घ्या. तुमच्यासाठी आवळण्याचे ३०० ते ४००, सोडवण्याचे ५०० ते ६००, हा मधला गट योग्य. बॉशचा जीडीएस १८व्ही-३०० आणि मकिताचा डीटीडब्ल्यू ३०० याच गटातले. १००० एनएमवाला ट्रकच्या कामाचा. तो जड असतो, चाकाच्या कमानीत वळत नाही आणि १२ मिलिमीटरचा स्टड (नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा) क्षणात पिळून तोडतो.

दोन सोयी मात्र जरूर तपासा. ताकदीचे तीन-चार टप्पे हवेत आणि उलट फिरताना नट सैल झाला की आपोआप थांबणारा मोड हवा. तो नसेल तर नट सॉकेटमधून उडून जमिनीवर घरंगळतो.

ऐरोली_बॅटरी

व्होल्टबद्दल. लिथियम सेल ३.६ व्होल्टचा. पाच सेल एकापुढे एक जोडले की १८. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल ४.२ पर्यंत जातो, म्हणून तोच पॅक कुणी २० म्हणून विकतं, कुणी २१. तिन्ही एकच. ८८ व्होल्टला २४ सेल ओळीत लागतील. ते मुठीएवढ्या पॅकमध्ये मावणार नाहीत. त्या स्टिकरच्या आत बहुतेक पाचच सेल असतात. ज्या कंपनीने व्होल्ट असे छापले, तिच्या एनएमवर तरी भरवसा कशाला ठेवायचा?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अँपिअर-तास (एएच), म्हणजे पॅकची साठवण. २ एएचच्या पॅकमध्ये पाच सेल, ४ किंवा ५ एएचमध्ये सहसा दहा, दोन-दोन समांतर. जाम नटावर रेंच एकदम मोठा करंट ओढतो. पाच सेलवाल्या पॅकचं व्होल्टेज तिथेच ढासळतं, रेंचमधला ठोके देणारा हातोडा मंद होतो आणि तोच रेंच निम्म्या ताकदीचा वाटतो. रेंचला नावं ठेवण्याआधी पॅक बदलून बघावा. एक ४ किंवा ५ एएचचा पॅक घ्याच. घरात त्याच कंपनीचं त्याच बॅटरीवर चालणारं ड्रिल असेल तर नुसती बॉडी घ्या, बरेच पैसे वाचतात.

अमेरिकेतून कुणाकडून मागवणार असाल तर तिथला चार्जर १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर जळतो. चार्जर इथलाच घ्या. विमानात सुटी बॅटरी चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्ये १०० वॅट-तासांपर्यंत चालते. १८ गुणिले ५ म्हणजे ९०, बसते. ६ एएच म्हणजे १०८, त्याला विमान कंपनीची परवानगी लागते.

मे महिन्यात पॅक डिकीत ठेवू नका. कामानंतर गरम पॅक लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास निवू द्या.

खारघर१९

रेंचइतकाच खर्च सॉकेट आणि टॉर्क रेंचवर (ठरवलेल्या एनएमला क्लिक करणारा हाताचा पाना) करा, अशी माझी कळकळीची विनंती.

घरातल्या पेटीतले चकचकीत क्रोम-व्हॅनेडियमचे सॉकेट इम्पॅक्टवर लावू नका. ते कडक असतात, ठोक्यांनी तडकतात आणि तुकडा थेट डोळ्याकडे येतो. काळे, जाड भिंतीचे क्रोम-मॉलिब्डेनमचे घ्या, सहा कोनांचे. १७, १९ आणि २१ पुरेत. अलॉयच्या खोल भोकांसाठी पातळ भिंतीचे, बाहेरून प्लॅस्टिकचं आवरण असलेले मिळतात, त्याने रिमला चरे पडत नाहीत. मुंबईत जाणं होत असेल तर मस्जिद बंदरच्या नागदेवी स्ट्रीटवर हातात धरून बघता येतात.

रेंच सोडवायला, टॉर्क रेंच आवळायला. हे पाळलंत तर टायरवाल्याने केलेली चूक तुमच्या हातून होणार नाही. नट आधी हाताने चार-पाच आटे चढवा. हाताने चढत नसेल तर तो तिरका लागलाय, गन, म्हणजे इम्पॅक्ट रेंच, लावलीत की स्टडचे आटे गेलेच. मग रेंच सगळ्यात कमी टप्प्यावर ठेवून नुसता टेकेपर्यंत फिरवा, गाडी खाली घ्या आणि समोरासमोरच्या क्रमाने ४० ते २०० एनएमच्या क्लिक टॉर्क रेंचने शेवटचं आवळा. क्लिक एकदा झालं की पुन्हा ओढू नका. ५०-१०० किलोमीटरनंतर एकदा तपासा.

चाक हबला (चाक ज्यावर बसतं तो भाग) गंजून चिकटलं तर नट दोन आटे राहू द्या आणि टायरच्या बाजूला रबरी हातोडीने चारी बाजूंनी ठोका. निघाल्यावर हबचा मधला गोल तारेच्या ब्रशने घासा, अँटीसीझ (गंजून चिकटू न देणारी पेस्ट) बोटाने अगदी पातळ लावा, फक्त तिथेच. स्टडच्या आट्यांना ग्रीस नको. घर्षण कमी झालं की १०० एनएमलाही स्टड जास्त ताणला जातो.

घोडबंदरकर

मनापासून आभार सर्वांचे. गन कुठे लावूच नये तेही सांगा. आणि क्रेटाच्या प्रत्येक चाकाला एक चोर-नट (चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला) आहे, चावी वेगळी.

टॉमी-पाना

ऑइलचा ड्रेन प्लग, स्पार्क प्लग, ब्रेक पाइपचे नट आणि अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारा कोणताही छोटा बोल्ट, इथे गन नाहीच. ब्रेक कॅलिपरच्या (पॅड दाबणारा भाग) स्लाइड पिनचे बोल्ट जेमतेम २५-३५ एनएमचे असतात. पिन एका पान्याने धरून बोल्ट दुसऱ्याने हाताने सोडवा, नाहीतर पिन फिरते आणि रबरी बूट पिळवटून फाटतो. त्यामागचे ब्रॅकेटचे बोल्ट मात्र गनने बिनधास्त सोडवा. अ‍ॅक्सल नटची कड खोबणीत ठोकून बसवलेली असेल तर ती आधी छिन्नीने उचला. तशीच गन चालवलीत तर शाफ्टचे आटे खरवडतात. परत बसवताना नट नवाच घ्या.

गाडी स्टॅण्डवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. पेव्हर ब्लॉक असतील तर जॅकखाली जाड प्लायचा तुकडा ठेवा. आवाज बराच होतो, तेव्हा कानात प्लग घाला आणि सोसायटीत दुपारची झोपेची वेळ सोडून काम करा.

चोर-नटाला गन कधीच नको. चावीची नक्षी बारीक असते, ठोक्यांनी झिजते किंवा तुटते आणि मग तो नट ड्रिल करून काढावा लागतो. तो सगळ्यात आधी, चाक जमिनीवर असताना, ६० सेंटिमीटरच्या टॉमीने (लांब दांड्याने) सावकाश सोडवा. चावी नटावर तळापर्यंत बसली आहे ना ते हाताने दाबून बघा. लावताना तोच सगळ्यात शेवटी, टॉर्क रेंचने. आणि चावी रेंचच्या पेटीत न ठेवता गाडीतच स्टेपनीजवळ ठेवा. हायवेवर पंक्चर झालं तर ती तिथेच लागणार.