पोहता येत नसताना कोलाडला राफ्टिंगला जाण्याची तयारी कशी करावी?

ऐरोलीकर:
सर्वांना नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये एका रविवारी आमच्या सोसायटीतील काही जणांनी कोलाडला कुंडलिका नदीत राफ्टिंग करण्याचे ठरवले आहे. आमच्यापैकी कोणीही यापूर्वी राफ्टमध्ये, म्हणजे त्या हवा भरलेल्या रबरी होडीत, पाऊल ठेवलेले नाही. मला स्वतःला पोहता येत नाही, माझ्या मेहुण्यांना मधुमेह असून ते इन्सुलिन घेतात आणि माझा पंधरा वर्षांचा भाचा जाड भिंगांचा चष्मा लावतो. आयोजकांना दूरध्वनी केला असता ‘काही काळजी करू नका, आम्ही सगळे शिकवतो’ एवढेच उत्तर मिळाले, आणि त्यामुळे काळजी कमी होण्याऐवजी थोडी वाढलीच. हाताशी महिनाभराचा अवधी आहे. या काळात आम्ही नेमकी कोणती तयारी करावी, आणि आयोजकांना कोणते प्रश्न विचारावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वल्हेकरी, ठाणे:
सर्वप्रथम नदीविषयी, कारण कुंडलिकेचे गणित इतर नद्यांपेक्षा वेगळे आहे. राफ्टिंगसाठी लागणारे तिचे पाणी मुख्यतः पावसाचे नसून मुळशी धरणाचे असते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तेच हे धरण. मूळचे पूर्वेकडे वाहणारे हे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिरा येथील जलविद्युत केंद्रात आणले जाते आणि वीज तयार झाल्यावर कुंडलिकेच्या खोऱ्यात येते. म्हणूनच ही नदी भर उन्हाळ्यातही राफ्ट चालण्याइतकी वाहते, आणि म्हणूनच राफ्टिंगची वेळ आपल्या सोयीने नव्हे, तर पाणी सोडण्याच्या वेळेवर ठरते. ती बहुधा सकाळची असते. ऑगस्टमध्ये या सोडलेल्या पाण्यात ओढ्यानाल्यांच्या पाण्याची भर पडते. तेव्हा आयोजकांना पहिला प्रश्न असा विचारा की, नदीला पूर असल्यास फेरी रद्द होते का, तो निर्णय कोण घेतो आणि पैसे परत मिळतात का. ‘आमची फेरी कधीच रद्द होत नाही’ असे जो अभिमानाने सांगतो, त्याच्याकडे मी तरी जाणार नाही.

राज्य सरकारने २०२१ साली साहसी पर्यटनाचे धोरण आणले असून त्यानुसार आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक आहे. ते प्रमाणपत्र पाहण्यास मागावे, त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. सोबत सुटकेसाठी कयाक (एका माणसाची छोटी, चपळ होडी) असते का, एका राफ्टमध्ये किती जण बसवतात आणि विमा आहे का, हेही विचारून घ्यावे.

आता आपल्या मुख्य शंकेकडे येतो. कुंडलिकेतील खळाळ, म्हणजे खडकांवरून उसळत वेगाने वाहणाऱ्या पाण्याचे टप्पे, साधारणपणे दुसऱ्या ते तिसऱ्या श्रेणीचे आहेत. ही श्रेणी एक ते सहा अशी मोजतात आणि सहावी जवळजवळ अशक्य मानली जाते. अशा पाण्यात पोहता न येणारे अनेक जण लाइफ जॅकेटच्या भरवशावर जातात. मात्र जॅकेट अंगावर असणे आणि ते नीट बसलेले असणे यांत फार अंतर आहे. सर्व बकले आवळल्यावर शेजाऱ्याला जॅकेटचे खांदे धरून जोराने वर ओढायला सांगा. ते हनुवटीपर्यंत सरकत असेल, तर ते आपल्या मापाचे नाही. दुसरे मागून घ्या, आणि रांग खोळंबली म्हणून कोणी कुरकुर केली तरी करू द्या.

जुना तरणपटू, कोपरी:
वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. ज्याला पोहता येत नाही, त्याने वाहत्या नदीत उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जॅकेट माणसाला तरंगवते, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर उडणारी घाबरगुंडी ते थांबवू शकत नाही. महिनाभराचा अवधी आहे, तर तरणतलावावर नाव नोंदवावे आणि पोहायला शिकूनच जावे.

वल्हेकरी, ठाणे:
काका, घाबरगुंडीविषयी आपण म्हणता ते अगदी खरे आहे, आणि ऐरोलीकरांनी तरणतलावावर जावे हेही मला मान्य आहे. परंतु महिनाभरात हातपाय मारायला शिकलेला माणूस खळाळात त्या बळावर किनारा गाठू शकेल, असे मला वाटत नाही. उलट तसा भ्रम झाला तर धोका वाढतो. तलावावर त्यांनी दुसरेच काही शिकावे, असे मी सुचवेन. प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली कमरेएवढ्या पाण्यात चेहरा बुडवून सावकाश श्वास सोडणे, नाकात पाणी गेले तरी न धडपडता वर येणे आणि पाठीवर तरंगत स्वस्थ पडून राहणे, एवढे जमले तरी पुरेसे आहे.

कारण राफ्टमधून पाण्यात पडल्यावर करायचे असते ते हेच. पाठीवर झोपायचे, पाय प्रवाहाच्या दिशेला करायचे आणि पायांची बोटे पाण्याच्या वर दिसतील अशी ठेवायची, म्हणजे समोर खडक आला तर डोक्याऐवजी तळवे आपटतात. लाट अंगावरून जात असताना श्वास रोखायचा आणि ती गेल्यावर घ्यायचा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाणी गुडघ्याएवढे दिसले तरी ते वाहते असेल तोवर उभे राहण्याचा प्रयत्न करायचा नाही. दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकले की मागून येणारा प्रवाह माणसाला पुढे तोंडघशी पाडतो आणि मग उथळ पाण्यातही डोके वर काढता येत नाही. पोहणाऱ्यांच्या हातून ही चूक अधिक होते, कारण त्यांना किनारा जवळ दिसत असतो.

गाइडने दोरीची पिशवी फेकली तर दोरी पकडावी, पिशवी नव्हे. पिशवीत उरलेली दोरी सुटत राहते आणि आपण वाहतच जातो. दोरी मनगटाला गुंडाळू नये, ती खांद्यावरून घेऊन छातीशी धरावी आणि पाठीवरच राहावे. राफ्ट उलटून आपण तिच्याखाली सापडलो, तर वर हात लावून एकाच दिशेने सरकत बाहेर यावे. मध्येच दिशा बदलू नये.

नौपाड्यातील डॉक्टर:
मेहुण्यांविषयी थोडे लिहितो. साखर आटोक्यात असल्यास केवळ मधुमेह आहे म्हणून राफ्टिंग वर्ज्य ठरत नाही, परंतु दोन-तीन तासांच्या श्रमाने साखर एकदम उतरू शकते. त्या सकाळच्या इन्सुलिनची मात्रा त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावी, नाश्ता मुळीच टाळू नये आणि ग्लुकोजची पुडी जलरोधक पिशवीत घालून गाइडकडे द्यावी. हात थरथरणे आणि घाम येणे ही साखर उतरल्याची लक्षणे भिजलेल्या माणसाला थंडीची किंवा भीतीची वाटतात. त्यामुळे त्यांना मधुमेह आहे हे राफ्टमधील प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे. फिट येण्याचा विकार, हृदयविकार, गर्भारपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा खांदा निखळण्याची सवय असल्यास किनाऱ्यावर थांबावे.

आपण ऑगस्टमध्ये जाणार आहात म्हणून आणखी एक सूचना. अंगावर उघडी जखम असेल तर पाण्यात उतरू नये, आणि परतल्यानंतर साधारण ५ ते १४ दिवसांत ताप, अंगदुखी किंवा डोळे लाल होणे असा त्रास झाल्यास आपण नदीत उतरलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. लेप्टोचा, म्हणजे प्राण्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा, संशय वेळीच आला तर उपचार सोपे असतात. तसेच आदल्या रात्री रिसॉर्टवर जी ‘बैठक’ जमते, ती राफ्टिंग झाल्यानंतर जमवावी. माझ्या दृष्टीने हा सल्ला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी पाळला जाणारा आहे.

सह्याद्रीप्रेमी, खारघर:
कपड्यांविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. जीन्स आणि जाड सुती कपडे भिजल्यावर जड होतात आणि लवकर वाळत नाहीत, म्हणून व्यायामाचे नायलॉनचे कपडे घालावेत. चपला पहिल्याच लाटेत वाहून जातात. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने कॅनव्हासचे बूट चांगले. मंगळसूत्र, अंगठ्या आणि मोबाइल गाडीतच राहू द्यावेत. भाच्याच्या चष्म्याला मागून बांधायची दोरी घ्यावी, आणि घरी जुना चष्मा असल्यास तोच घालून न्यावा. बहुतेक आयोजक १४ वर्षांखालील मुलांना घेत नाहीत, त्यामुळे त्याचे आधार कार्ड सोबत असू द्यावे. वाशीहून कोलाड सुमारे १०० किलोमीटर आहे, परंतु पावसाळ्यात पेण आणि वडखळ भागात गाडी कधी अडकेल याचा नेम नसतो. सकाळची वेळ गाठायची असेल, तर पहाटे चारला निघण्यापेक्षा आदल्या संध्याकाळी पोहोचणे बरे.

ऐरोलीकर:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. आयोजकांना पुन्हा दूरध्वनी केला, नोंदणीची प्रत मागवली आहे आणि पुराबाबतही विचारून घेतले आहे. मेहुण्यांची डॉक्टरांकडे वेळ ठरली आहे. तरणतलावावर सोमवारपासून जाणार आहे. आता एकच शंका उरते. राफ्टमध्ये मी कुठे बसावे, आणि पॅडल मारताना नेमके काय सांभाळावे?

वल्हेकरी, ठाणे:
पुढच्या दोघांवर सर्वांची लय अवलंबून असते आणि लाटही आधी त्यांच्याच अंगावर येते, म्हणून आपण मधल्या ओळीत बसावे आणि भाच्याला आपल्या शेजारच्या बाजूला घ्यावे. पाऊल आडव्या फुगवलेल्या नळीखाली घट्ट सरकवावे, पण ते सहज निघते ना, हे काठावरच पाहून घ्यावे. पॅडलच्या वरच्या टोकाची आडवी मूठ कायम तळहाताखाली झाकलेली असावी. माणसे खळाळात घाबरून नेमकी तीच मूठ सोडतात आणि शेजाऱ्याचे दात दुखावतात. गाइड बहुधा ‘फॉरवर्ड’, ‘बॅक’, ‘स्टॉप’, ‘गेट डाउन’ अशाच आज्ञा देतात. ‘गेट डाउन’ ऐकताच पॅडल उभे धरून राफ्टच्या तळाशी बसायचे आणि बाजूची दोरी धरायची. काठावर या आज्ञांचा सराव घाईत उरकला गेला, तर तो पुन्हा घ्यायला सांगा. लाटेच्या मध्यावर अर्थ विचारायला सवड मिळत नाही.